‘बहुतेक नाही’ म्हणणारी मुलं

नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास. एका बाकावर तिघं-तिघं बसलेली, प्रत्येकापुढे दोन पानांची प्रश्नावली. अकरावा प्रश्न असा होता : ‘तुझ्या जिवलग मित्राने किंवा मैत्रिणीने तंबाखूचा कुठलाही पदार्थ पुढे केला, तर तू घेशील का?’ खाली चार पर्याय. नक्कीच नाही, बहुतेक नाही, बहुतेक हो, नक्कीच हो. खिडकीजवळच्या मुलाने एक टिक केली आणि पुढच्या प्रश्नावर गेला. मग परत आला. कंपासपेटीतून खोडरबर काढलं, टिक पुसली, डाव्या हाताचा आडोसा केला आणि दुसऱ्या चौकटीत नवी टिक केली. मी दाराशी उभी होते, तिथून यापेक्षा जास्त काही दिसत नव्हतं. संध्याकाळी गठ्ठा तपासताना अकराव्या प्रश्नापाशी काळपट डाग पडलेला एक कागद हाती आला. ‘नक्कीच नाही’ पुसलेलं होतं आणि ‘बहुतेक नाही’वर टिक होती.

किशोरवयीन मुलांच्या आरोग्य-सर्वेक्षणांसाठी प्रश्नावल्या तयार करणं आणि शाळाशाळांतून त्या भरून घेणं हे माझं काम. ‘त्यात काय अवघड? प्रश्न विचारायचे, टक्केवारी काढायची,’ असं मला अनेकदा ऐकावं लागतं. पण त्या मुलाने पहिल्या चौकटीतून दुसऱ्या चौकटीत यायचं धाडस केलं, ते आपोआप घडत नाही. प्रश्नाचे शब्द, बाकावरची जागा, मागे कोण उभं आहे, कागदावर नाव आहे की नाही, या सगळ्यांनी मिळून ते धाडस शक्य होतं किंवा मारलं जातं.

आधी तो प्रश्न कुठून आला ते सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची रोगनियंत्रण केंद्रं यांनी मिळून शाळकरी मुलांमधल्या तंबाखूवापराचं एक जागतिक सर्वेक्षण उभं केलं. भारतात त्याची चौथी फेरी २०१९ मध्ये झाली. ती मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पार पाडली. ९८७ शाळा, ९७ हजारांहून जास्त विद्यार्थी. १३ ते १५ वयाच्या मुलामुलींपैकी ८.५ टक्के जण त्या काळात कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. आणि तोंडात ठेवायची तंबाखू ज्यांनी कधी ना कधी वापरली, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांनी ती दहावा वाढदिवस व्हायच्या आत चाखली होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान तसंच उघडं ठेवून बसले होते. दहा वर्षांच्या आत म्हणजे चौथी-पाचवी. नववीच्या वर्गात आपण जातो तेव्हा पुष्कळ मुलांच्या बाबतीत उशीर झालेला असतो.

ही झाली वापराची मोजणी. वृत्तीची मोजणी वेगळी. ज्याने अजून हातही लावलेला नाही, त्याच्या मनाचं दार बंद आहे, लोटलेलं आहे की उघडं, हे अकरावा प्रश्न विचारतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो : ‘येत्या बारा महिन्यांत तू तंबाखू वापरशील असं तुला वाटतं का?’ दोन्हींना ठामपणे ‘नक्कीच नाही’ म्हणणाऱ्यालाच सुरक्षित धरायचं. ‘बहुतेक नाही’ म्हणणारासुद्धा जोखमीत मोजायचा. पहिल्यांदा ऐकताना हे अन्यायाचं वाटतं, पोरगं ‘नाही’च म्हणतंय की! पण जॉन पियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या किशोरांबद्दल दाखवून दिलं, की ज्यांचा ‘नाही’ असा पातळ असतो, त्यांच्यातली कितीतरी जास्त मुलं पुढच्या चार वर्षांत सिगारेटकडे वळतात. ठाम नाही आणि पातळ नाही यांच्यातलं ते अंतर मोजता आलं, तर मुलगा हातातून निसटायच्या आधी त्याच्याशी बोलता येतं. मला या कामाची ओढ आहे ती एवढ्यासाठीच.

आता ‘वृत्ती’ म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. तंबाखूने कर्करोग होतो हे माहीत असणं हे ज्ञान. पाकिटावरचं चित्र पाहून कुठलाही मुलगा ते सांगेल. तंबाखू खाणारा मोठा दादा त्याला रुबाबदार वाटतो की किळसवाणा, ही वृत्ती. उद्या खाईन की नाही, हा इरादा. आणि उद्या खरोखर खाल्ली, ही कृती. चारही गोष्टी एकमेकींना लागून असतात, पण एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. शाळेतल्या पुष्कळ ‘जनजागृती’ चाचण्या फक्त पहिली गोष्ट मोजतात, मुलं दहापैकी दहा गुण मिळवतात, अहवालात ‘वृत्तीत सुधारणा’ असं छापून येतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या दहा गुणांवर विसंबून पुढचा कार्यक्रम बंद होतो.

वृत्ती मोजता येते हेच मुळात लोकांना पटवून द्यावं लागलं होतं. लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये तसा दावा मांडला, आणि रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये तो सोपा करून दाखवला. आज आपण सर्रास बघतो ती पाच पायऱ्यांची पट्टी लिकर्ट यांची. एक विधान द्यायचं, आणि ते पूर्ण पटतं, पटतं, सांगता येत नाही, पटत नाही, मुळीच पटत नाही, यांतलं एक निवडायला सांगायचं. प्रत्येक पायरीला १ ते ५ गुण, आणि एकाच विषयावरच्या अनेक विधानांच्या गुणांची बेरीज. एकाच विधानावर भागत नाही, कारण एखादा शब्द चुकीचा वाचला जातो, लक्ष उडतं. पाच-सहा विधानं एकाच सुरात बोलत असतील तर बेरजेवर भरवसा ठेवता येतो. तो सूर किती जुळतो हे तपासायला क्रोनबाख यांची १९५१ ची अल्फा नावाची संख्या वापरतात. साधारण ०.७ च्या वर आली की काम चालवून घेतात.

पण बेरीज फसवते. माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेले दोन कागद सांगते. पाच विधानं, दोघांचेही गुण १५. एकाने पाचही ठिकाणी ‘सांगता येत नाही’ केलेलं. दुसऱ्याने ‘तंबाखूने शरीराची हानी होते’ आणि ‘माझ्या धाकट्या भावाने कधीच खाऊ नये’ ही दोन्ही पूर्ण मान्य केलेली, ‘एकदा लागली की सोडणं कठीण जातं’ यावर ‘सांगता येत नाही’ केलेलं, आणि ‘मित्रांत बसल्यावर नाही म्हणणं मला जमतं’ व ‘सणासमारंभात कुणी पुढे केली तरी नकोच’ ही दोन्ही साफ नाकारलेली. पहिल्याला अजून मतच नाही. दुसऱ्याला हानी कळते, भावाची काळजी आहे, पण घोळक्यात तो हरतो. या दोघांना एकच भाषण ऐकवून काय उपयोग? म्हणून मी बेरीज लिहिण्याआधी प्रत्येक विधानाची उत्तरं वेगवेगळी पसरून बघते.

वृत्ती आणि कृती यांच्यातल्या फटीची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट १९३४ मध्ये छापून आली. रिचर्ड लापियर नावाचे समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर मोटारीने फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खाणावळींत ते गेले आणि फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, ‘तुम्ही चिनी पाहुणे घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जण ‘नाही’ म्हणाले. कागदावर एक, दारात दुसरंच.

यातून धडा घेतला तो मार्टिन फिशबाइन आणि आयसेक आयझेन यांनी. तुम्हाला जी कृती ओळखायची आहे, तिच्याइतकाच नेमका प्रश्न विचारा, असं त्यांनी सांगितलं. ‘तंबाखूबद्दल तुझं मत काय?’ हा ढोबळ प्रश्न झाला, त्याचं उत्तर ‘वाईट’ हेच येणार. कोण, काय, कुणाबरोबर, केव्हा हे प्रश्नात आलं की उत्तरात जीव येतो. अकरावा प्रश्न परत वाचा. त्यात जिवलग मित्र आहे, पुढे केलेला हात आहे, आणि ‘तू’ आहेस.

इथून पुढे मराठीचा मामला सुरू होतो, आणि त्यात माझे सगळ्यांत जास्त दिवस जातात.

इंग्रजीतून उतरवलेल्या प्रश्नावलीत ‘सहमत’, ‘असहमत’ असतं. सातवी-आठवीच्या मुलांच्या तोंडी हे शब्द नसतात. ‘पटतं, पटत नाही’ लिहिलं की पेन्सिली चालायला लागतात. पुढची अडचण नकाराची. पट्टी एकाच बाजूला कलू नये म्हणून काही विधानं उलटी घालायची पद्धत आहे, उदाहरणार्थ ‘कधीतरी तंबाखू खाल्ल्याने काही बिघडत नाही.’ आता ज्याला हे चुकीचं वाटतं त्याने ‘पटत नाही’ करायचं. चाचणी घेताना एका मुलीने बोटाने ओळ धरून मला विचारलं, “ताई, ‘बिघडत नाही’ हे पटत नाही, म्हणजे बिघडतं, हो ना?” तिने विचारलं म्हणून कळलं. न विचारता चुकीची टिक करणारे किती असतील? शिवाय आपल्या बोलण्यात ‘तू खात नाहीस ना?’ या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हणतं, कुणी ‘नाही’ म्हणतं, आणि दोघांचा अर्थ एकच असतो. म्हणून मी उलटं विधान ‘नाही’ न घालता लिहायचं ठरवलं. ‘कधीतरी चालतं’ असं.

हे ‘चालतं’ फार मोलाचं क्रियापद आहे. ‘तंबाखू चांगली आहे’ असं कुणीच मान्य करत नाही. ‘लग्नात, जत्रेत कधीतरी चालतं’ हे मात्र वर्गातली कितीतरी मुलं मान्य करतात, कारण घरात त्यांनी ते तसंच ऐकलेलं असतं. ढिली वृत्ती आपल्याकडे ‘चालतं’मध्ये राहते. इंग्रजी प्रश्नावलीचं शब्दशः भाषांतर करून ती कधीच सापडली नसती.

पदार्थांच्या नावांचंही तसंच. ‘तुमच्या घरी तंबाखू कोण वापरतं?’ ‘कुणीच नाही.’ दहा मिनिटांनी तीच मुलगी सांगते, आजी सकाळी मशेरी लावते आणि तिलाही कधी कधी दाताला लावायला देते. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, पण घरच्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू. विदर्भात ‘तंबाखू’ विचारून भागत नाही, ‘खर्रा’ विचारावा लागतो. दुसरीकडे ‘मावा’. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे तो शब्द छापील कागदावर दिसला की काही मुलं सावध होतात, आपण पोलिसांच्या फॉर्मवर लिहितोय असं त्यांना वाटतं. म्हणून नवी प्रश्नावली आधी आठ-दहा मुलांबरोबर बसून भरायची, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हे वाचून तुझ्या डोक्यात काय आलं?’ असं विचारायचं. मला यापेक्षा उपयोगी दुसरी कुठलीही तपासणी माहीत नाही.

शब्द जमले तरी खरेपणाचा प्रश्न उरतो. मुलं दोन्ही बाजूंनी लपवतात. शिक्षक मागे उभे असले की केलेलं लपवतात, मित्र शेजारी असला की न केलेलं सांगून मोकळी होतात. युरोपातल्या शाळकरी मुलांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात म्हणून एका काल्पनिक मादक पदार्थाचं नाव घातलेलं असतं. तसा पदार्थच नसतो. ‘हो, घेतलाय’ म्हणणारे किती, यावरून फुशारकीचा अंदाज येतो. लपवण्यावरचे उपाय जास्त विचारपूर्वक करावे लागतात. भारतात २००६-०७ मध्ये सहा राज्यांत तरुणांचं एक मोठं सर्वेक्षण झालं, महाराष्ट्र त्यात होता. लैंगिक अनुभवाविषयी समोरासमोर विचारून झाल्यावर एक छोटं कार्ड दिलं जाई. त्यावर हो किंवा नाही करून ते लिफाफ्यात घालायचं आणि लिफाफा स्वतः बंद करायचा. मुलाखत घेणाऱ्याने तो उघडायचा नाही.

अमेरिकेत १९९५ मध्ये १५ ते १९ वयाच्या मुलग्यांना कानाला हेडफोन लावून संगणकाकडून प्रश्न विचारले, तेव्हा कागदावर भरून घेतलेल्या उत्तरांपेक्षा बरीच जास्त कबुली मिळाली. हाच प्रयोग पुण्यात १८ ते २२ वयाच्या तरुणांबरोबर झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांनी संगणकाला जास्त मोकळेपणाने सांगितलं. झोपडपट्टीत राहणाऱ्या मुलांमध्ये मात्र तसं सरळ चित्र दिसलं नाही. एका ठिकाणी विश्वास देणारं यंत्र दुसऱ्या ठिकाणी परकं वाटू शकतं, हे तंत्रज्ञानाच्या मागे धावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावं.

‘या वयात मुलांना मरणाची भीतीच वाटत नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मोजायला गेल्यावर ते टिकत नाही. अनेक अभ्यासांत किशोरांनी अपघाताची, आजाराची, मृत्यूची शक्यता प्रत्यक्षापेक्षा खूप जास्त सांगितली आहे. म्हणजे धोका कळत नाही असं नाही. मग घोडं अडतं कुठे? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक खेळ वापरला. पडद्यावर गाडी चालते, सिग्नल पिवळा होतो, थांबायचं की दामटायचं? एकट्याने खेळताना किशोर आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक पडला नाही. दोन मित्र शेजारी बसवले आणि १३ ते १६ वयाच्या मुलांनी जवळपास दुप्पट धोका पत्करला. मोठ्यांना मित्र असले-नसले सारखेच. यावरून आपल्या प्रश्नावलीची मर्यादा कळते. शांत वर्गात, एकट्याने भरलेला कागद थंड डोक्याची वृत्ती सांगतो. कट्ट्यावर, संध्याकाळी, तिघांच्या घोळक्यात जी वृत्ती चालते, ती वेगळी. ‘जिवलग मित्राने पुढे केली तर’ या शब्दांनी आपण तो कट्टा थोडासा वर्गात आणायचा प्रयत्न करतो, एवढंच.

इतक्या मर्यादा असताना वृत्ती मोजायचीच कशाला? अमेरिकेत १९७५ पासून दरवर्षी बारावीच्या मुलांना अंमली पदार्थांविषयी विचारलं जातं : घेतोस का, किती धोकादायक वाटतं, आणि मिळणं किती सोपं आहे. गांजाचं नियमित सेवन मोठ्या धोक्याचं आहे, असं म्हणणारे १९७८ मध्ये ३५ टक्के होते. १९९१ पर्यंत ते ७९ टक्के झाले. त्याच काळात रोज गांजा घेणाऱ्यांचं प्रमाण जवळपास ११ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास उतरलं. आणि ‘मिळणं सोपं आहे’ म्हणणारे जवळजवळ तेवढेच राहिले! पुरवठा होता तिथेच होता, बदलली ती मुलांची धारणा. वृत्ती मोजली नसती तर ही घसरण कशाने झाली, यावर नुसते वाद झाले असते.

आपल्याकडे एक उलटं आश्चर्यही सापडलं. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत सहावी आणि आठवीच्या ११ हजारांहून जास्त मुलांना विचारलं, तेव्हा तंबाखू चाखलेल्यांचं प्रमाण सहावीत आठवीपेक्षा जास्त निघालं. सहावीत जवळपास २५ टक्के, आठवीत ९ च्या आसपास. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वय वाढेल तसा वापर वाढतो, हा नेहमीचा अनुभव इथे उलटा झाला. नवी पिढी आधी सुरुवात करतेय, की आठवीपर्यंत मुलं लपवायला शिकतात? एकाच वेळी काढलेल्या फोटोवरून हे ठरवता येत नाही. तीच मुलं दोन वर्षांनी पुन्हा गाठावी लागतात, आणि नावाशिवाय तोच कागद त्याच मुलाला जोडायचा म्हणजे जिकिरीचं काम. आम्ही मुलांना त्यांच्याच माहितीतून एक गुप्त खूण बनवायला सांगतो, आईच्या नावाचं दुसरं अक्षर, जन्मतारखेचा शेवटचा आकडा, असं काहीतरी. दरवेळी काही खुणा जुळत नाहीत. ते कागद बाजूला ठेवावे लागतात, आणि दरवेळी जीव चुटपुटतो.

खिडकीजवळच्या त्या मुलाच्या शाळेत सगळे कागद गोळा करून मी निघाले, तेव्हा मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. चहा सांगितला. मग हळूच म्हणाले, “मॅडम, ज्यांचं डळमळीत निघेल ना, त्यांची नावं तेवढी द्या. पालकांना बोलावून घेतो.” माणूस मनाने चांगला होता, मुलांसाठीच मागत होता. मी सांगितलं, “सर, कागदावर नावच नाही. आणि असतं तरी दिलं नसतं. वर्गात जाताना मुलांना तसा शब्द देऊन गेले होते.” ते थोडे नाराज झाले. मग मी विचारलं, त्याऐवजी दुसरी एक गोष्ट कराल का? प्रश्नावलीत शेवटी एक प्रश्न होता : तुझ्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण तंबाखू खात असतील? मुलं हा अंदाज जवळपास नेहमीच फुगवून सांगतात, आणि ‘सगळेच खातात’ या समजुतीनेच पातळ ‘नाही’ आणखी पातळ होत जातो. त्या वर्गाने केलेला अंदाज आणि त्या वर्गाचा खरा आकडा, हे दोन खांब मी कार्डशीटवर रंगवून पुढच्या आठवड्यात घेऊन आले. सरांनी स्वतः स्टुलावर चढून ते फळ्याशेजारी लावले. मुलं उठून जवळ आली. मागून कुणीतरी म्हणालं, “एवढेच?”